कोटोनूहून पत्र आलं

महिन्याचा पहिला रविवार म्हणजे कोटोनू शहरात क्लेमान्सआत्याच्या घरी पत्राचा दिवस. चर्चमधून आली की आत्या पांढरा लेसचा झगा न बदलताच व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसायची आणि पाय पुढे करायची. सेनामीनं जोडे काढून भिंतीशी ठेवले की म्हणायची, "जा, वही आण."

सेनामी वही आणून फरशीवर बसायची. ती चौदा वर्षांची होती. गावच्या शाळेत पाचवीपर्यंत शिकली होती आणि तिच्या फ्रेंच अक्षराचं मास्तरांनी वर्गात कौतुक केलं होतं. तेच अक्षर आता महिन्यातून एकदा, या फरशीवर, आत्याच्या कामी येत होतं.

त्या रविवारी तिच्या उजव्या हाताची दोन बोटं सुजून निळी पडली होती. शुक्रवारी मासे तळताना करपले होते, आणि मक्याचं पीठ घोटायचा जाड लाकडी पळा आत्याच्या हाताशीच होता.

"लिही. आईला नमस्कार. मी मजेत आहे," आत्या म्हणाली. "इथे सकाळी पांढरा पाव मिळतो, दुपारी मासे. मी जाड झाले आहे. लिहिलंस? मागच्या वर्षीचे कपडे आता मला होत नाहीत."

सेनामीनं लिहिलं. तिच्या अंगावरचे कपडे मागच्या वर्षीचेच होते, आणि ते आता तिला सैल होत होते.

"बघू." आत्यानं वही ओढून घेतली. "हे काय? कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं अक्षर."

"बोटं वळत नाहीत, आत्या."

"मग तेच लिही ना. शाळेत अभ्यास इतका असतो, की लिहून लिहून बोटं दुखतात. तुझ्या आईला बरं वाटेल."

आतल्या खोलीतून आत्याचा मुलगा रॉद्रिग हसला. शाळेत तो जात होता. सेनामी सकाळी त्याचा गणवेश धुऊन, इस्त्री करून, डोक्यावर सोललेल्या संत्र्यांची परात घेऊन तळ्यावरच्या पुलापलीकडे मोठ्या बाजारात जात होती.

आत्या नात्यानं खरोखर आत्या होती का, हे कुणालाच नीट सांगता आलं नसतं. सेनामीचा बाप वारल्यावर सहा महिन्यांनी ती कानझू गावी आली होती. सोबत साबणाच्या वड्या, मिठाची पिशवी आणि दोन छापील लुगड्यांचं कापड. तिला घेऊन आला होता बोनिफास. हा पूर्वी कचेरीत शिपाई होता. गावातलं प्रत्येक पत्र, प्रत्येक सरकारी कागद त्याच्या अंगणात वाचला जाई. तो सेनामीच्या आईला म्हणाला होता, "कोसिबा, तुझ्या नवऱ्याच्या चुलत घराण्यातली बाई आहे. पोरीला मोठ्या शाळेत घालणार आहे. तू इथे तिला काय देणार? ताडाच्या बिया फोडायला?" कोसिबाचे हात तेव्हाही ताडफळांच्या तेलानं लाल होते. तिनं त्या हातांकडे पाहिलं, आणि हो म्हटलं.

यात कुणाला वावगं वाटलं नाही. लेक नातेवाइकाच्या घरी वाढायला देणं ही त्या मुलखातली जुनी रीत. पूर्वी मावशी भाचीला वाढवायची, तिच्या हातचं खायची, तिचं लग्न लावायची. रीतीचं नाव तेच राहिलं. त्या नावाखाली आता मोलाशिवाय राबणाऱ्या पोरी शहरात जाऊ लागल्या, आणि त्यांना देणारे आईबाप आपण मुलीचं भलं केलं या समाधानात राहू लागले.

पत्र तोसू ड्रायव्हर न्यायचा. त्याची जुनी मोटार आठवड्यातून दोनदा कोटोनूहून कानझूच्या बाजूला जाई. तो पाकीट बोनिफासला देई, बोनिफास माणूस धाडून कोसिबाला बोलावी, आणि फ्रेंच पत्र गावच्या भाषेत वाचून दाखवी. आईचं उत्तरही त्याच्याच अक्षरात येई. आत्या ते आधी स्वतः वाचायची आणि मग सेनामीच्या पुढ्यात टाकायची.

त्या महिन्याचं उत्तर असं होतं:

"सेनामीस आशीर्वाद. तुझं पत्र ऐकायला अर्धा गाव जमतो. तू जाड झालीस हे ऐकून अजुआ बाई रडली, म्हणाली, माझ्या पोरीचंही नशीब काढा. बोनिफासकाका प्रयत्न करतो आहे. तुझी बहीण अफी आता नऊ वर्षांची झाली. रोज विचारते, ताई मला कधी बोलावणार? आत्याची मर्जी असेल तर तिलाही धाडीन. दोघी बहिणी एकत्र राहाल."

सेनामीनं पत्र दोनदा वाचलं. तीन वर्षांत कित्येकदा मार खाल्ला होता. डोळ्यांत मिरची गेली होती, उपाशी झोप काढली होती. त्या कशानंही ती इतकी घाबरली नव्हती. आपलीच अक्षरं गावात जाऊन अफीला हात धरून आणत होती.

दुसऱ्या दिवशी बाजारात तिनं कापडवाल्या बाईकडून एक कागद मागून घेतला. संत्र्यांची परात मांडीशी ठेवून, डाव्या हातानं, ती लिहीत बसली.

"आई, आधीच्या पत्रातलं काही खरं नाही. मी शाळेत कधी गेले नाही. दिवसभर बाजारात फिरते, परात रिकामी झाली नाही तर मारतात. उरलंसुरलं खाते. अफीला पाठवू नकोस. कुणाच्याच मुलीला पाठवू देऊ नकोस. मला न्यायला ये. तुझी सेनामी."

मोटारतळावर तोसू चाकात हवा भरत होता. तिनं कागद पुढे केला.

"हे आईलाच द्या, दादा. तिच्याच हातात."

"तुझ्या आईला वाचता येतं का?"

"नाही."

"मग हातात देऊन काय करणार, चुलीत घालणार? बोनिफासकडेच जायचं ते." त्यानं कागद खिशात घातला. "काळजी करू नकोस, पोचेल."

पत्र पोचलं.

पुढचे तीन आठवडे सेनामी रोज बाजारातून येताना दाराशी पाहायची, आई आली असेल. आपण काय बोलू, आई आत्याला काय म्हणेल, हे ती परात डोक्यावर घेऊन मनाशी घोळवायची. चौथ्या आठवड्यात एका दुपारी ती घरी आली तर व्हरांड्यात कोपऱ्यात कुणीतरी बसलं होतं. नवा फुलाफुलांचा झगा, पायांवर प्रवासाची लाल धूळ, मांडीवर गाठोडं. तिला पाहताच ते पोर धावत येऊन कमरेला बिलगलं.

"ताई! मला वाटलं तू जाड झालीस."

सेनामीनं तिला खांद्यांना धरून मागे केलं. "तू कशी आलीस?"

"तूच तर बोलावलंस." अफी तिच्याकडे मान वर करून पाहत होती. "काकानं वाचून दाखवलं ना. सेनामी लिहिते, मला एकटीला करमत नाही, अफीला लगेच पाठव, माझ्याच शाळेत घालू. आईनं दोनदा वाचायला लावलं त्यांना. मग रडली, आणि मग माझी वेणी घातली."

क्लेमान्सआत्या दारात उभी राहून ऐकत होती. "आत ये, सेनामी," ती गोडव्यानं म्हणाली. "आणि तू पण ये गं बाळ. तुझ्या ताईनं पत्र किती छान लिहिलंय ते ऐक."

खोलीत शेजारच्या दोन बायका लिंबूपाणी पीत बसल्या होत्या. आत्यानं टेबलावरून घडी घातलेला कागद उचलला. डाव्या हाताची तिरपी अक्षरं सेनामीनं लांबूनच ओळखली. बोनिफासनं आईला मनचंच पत्र वाचून दाखवलं होतं आणि खरं पत्र अफीच्याच गाडीनं इथे परत धाडलं होतं.

"वाच," आत्या म्हणाली. "मोठ्यानं. गावच्या भाषेत, म्हणजे बहिणीला कळेल."

सेनामीनं वाचलं. 'उरलंसुरलं खाते' इथे आली तेव्हा शेजारणींपैकी एक म्हणाली, "बघा, खाऊन वर हे," आणि दुसरी पेला खाली ठेवून चुकचुकली. 'अफीला पाठवू नकोस' हे वाचताना तिनं बहिणीकडे पाहिलं नाही. वाचून झालं. अफीनं गाठोडं छातीशी धरलं होतं, आणि खोलीतल्या प्रत्येकीच्या तोंडाकडे ती आळीपाळीनं बघत होती.

"आता हिला धुणं कुठं आहे ते दाखव," आत्या म्हणाली.

आत्या हुशार बाई होती. त्या दिवसापासून तिनं सेनामीवर हात उगारणं जवळजवळ बंद केलं. सेनामीची परात पूर्ण रिकामी झाली नाही की अफीला जेवण मिळत नसे. सेनामीनं उलट उत्तर दिलं की अफी उन्हात गुडघ्यांवर बसे, दोन्ही हातांत दोन विटा. महिन्याच्या रविवारी सेनामी सांगितलं तसं निमूट लिहू लागली, आणि अक्षर पुन्हा पूर्वीसारखं सुरेख येऊ लागलं. शेजारणी आत्याला म्हणत, "पोरगी वळणावर आणलीत हं तुम्ही."

अफीला पाण्याच्या पिशव्यांची टोपली दिली होती. ती पुलाच्या अलीकडच्या टोकाला विकायची. तळपायाला काच लागली ती जखम चिघळली, आणि एका सोमवारी ती तापानं फणफणली.

"आत्या, तिला दवाखान्यात नेते," सेनामी म्हणाली. "कोपऱ्यावरच तर आहे."

"नाटकं आहेत. तुझ्याकडूनच शिकली. ताप मला पण येतो, मी झोपून राहते का?" आत्यानं कपाळाला हात लावून पाहिला, जरा थांबली, आणि म्हणाली, "आज टोपली राहू दे. उद्या जाईल."

मंगळवारी अफी उठून बसू शकली नाही. सेनामीनं परात उचलली नाही. आत्यानं ती तिच्या डोक्यावर ठेवून तिला दाराबाहेर लोटलं आणि कडी लावली. सेनामीनं संत्री मिळेल त्या भावाला फुंकून टाकली आणि धावत परत आली. अफी व्हरांड्यात चटईवर होती. ओठ फुटले होते.

"ताई, आईनं विचारलं तर सांग, मी टोपली कधी सांडली नाही," ती म्हणाली. मग पाणी मागितलं, आणि दिलेलं गिळता आलं नाही.

बुधवारी सकाळी, रॉद्रिग शाळेला निघाला होता तेव्हा, ती गेली.

आत्यानं शेजारी सांगितलं, गावाकडूनच अशक्त आली होती. दुपारी आत्याचा भाऊ हातगाडीवाल्याला घेऊन आला. चटईसकट पोर उचलली. सेनामी मागे धावली तेव्हा त्यानं तिला दंडाला धरून घरात ढकललं. "तिकडे पोरींचं काम नाही." कुठल्या दफनभूमीत, कुठल्या कोपऱ्यात, हे तिला कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी आत्यानं तिला अफीचा झगा धुवायला दिला. चांगला होता, पुढच्या पोरीला झाला असता.

चार दिवसांनी पहिला रविवार आला. आत्या चर्चमधून आली, पाय पुढे केले.

"वही आण. लिही. आईला नमस्कार. आम्ही दोघी मजेत आहोत. अफीला पांढरा पाव फार आवडतो."

सेनामीनं पेन फरशीवर ठेवलं.

"लिही म्हटलं ना."

"अफी मेली, असं सांगा. लिहिते."

"सांगू, सांगू. आत्ताच कशाला त्या माउलीला दुःख? दोन-तीन महिन्यांनी लिहू, की कुणाबरोबर पळून गेली."

"ती नऊ वर्षांची होती, आत्या."

आत्याचा चेहरा क्षणभर उतरला आणि परत कठोर झाला. "पुढच्या गुरुवारी तुझ्या गावातून तीन पोरी येताहेत. माझ्या बहिणीला शब्द दिलाय मी. पेन उचल."

"नाही लिहिणार."

पळा आला. पाठीवर, खांद्यावर, हातांवर. सेनामी फरशीवर आडवी झाली, पण बोटांची मूठ तिनं पोटाखाली दाबून धरली. आता आत्याजवळ अफी नव्हती. सेनामीच्या मुठीत पेन देऊ शकेल असं काही तिच्या हातात उरलं नव्हतं. शेवटी धापा टाकत तिनं हाक मारली, "रॉद्रिग! इकडे ये, चार ओळी लिही."

दुसऱ्या दिवशी सेनामी परात घेऊन बाहेर पडली. संत्र्यांखाली अफीचा झगा होता. ती बाजारात गेली नाही, सरळ मोटारतळावर गेली. तोसू गाडीवर सामान बांधत होता. तिचं सुजलेलं तोंड पाहून तो खाली उतरला.

"कानझूला जायचंय," ती म्हणाली. "ही संत्री घ्या, परात घ्या. माझ्याकडे एवढंच आहे."

"तुझ्या आत्याचं पाकीट आत्ताच आलंय की माझ्याकडे. तू स्वतः जातेस तर पत्र कशाला?"

"त्यात लिहिलंय, अफी मजेत आहे. अफी मेली, दादा. बुधवारी."

तोसू गाडीला टेकून उभा राहिला. चार महिन्यांपूर्वी त्या पोरीला त्यानंच आणलं होतं. वाटेत तिला भाजलेलं कणीस घेऊन दिलं होतं. "मी फक्त पत्रं नेतो," तो म्हणाला. "त्यात काय असतं, मला काय ठाऊक." कुणी काही विचारलं नव्हतं. मग त्यानं पुढचं दार उघडलं. "बस. परात मागे ठेव."

कानझूला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मोटार दिसताच बोनिफासचा माणूस पाकीट घेऊन गेला. सेनामीला आईकडे आधी जायचं होतं. पण घरी कुणी नव्हतं. शेजारच्या म्हातारीनं तिला ओळखलं नाही. "कोसिबा ना? ती काकाच्या अंगणात. कोटोनूहून पत्र आलंय."

बोनिफासच्या घरावर नवा पत्रा चमकत होता. अंगणात सात-आठ बाया मांडी घालून बसल्या होत्या. पुढे कोसिबा. बोनिफास चष्मा लावून कागद डोळ्यांसमोर धरून होता.

"...आणि अफीला म्हणे पांढरा पाव फार आवडतो. दोघी एका पलंगावर झोपतात..."

"माझी अफी एका जागी झोपतच नाही," कोसिबा हसून म्हणाली. "ताईला लाथा मारत असेल."

"आई," सेनामी म्हणाली.

बाया वळल्या. कोसिबा तिच्याकडे पाहत राहिली. आवाज ओळखीचा, समोर मात्र हाडांच्या सापळ्यासारखी उंच पोर. मग तिची नजर पोरीच्या हातातल्या झग्यावर गेली. तो तिनंच शिवून घेतला होता.

"अफी कुठंय?"

"अफी गेली, आई. ताप आला. दवाखान्यात नेऊ दिलं नाही."

बोनिफास उठला. "पळून आली वाटतं. शहरात राहून पोरी बिघडतात, ऐकलं होतं मी. चोरीबिरी केली असेल, आणि आता बहिणीच्या नावानं—"

"कागद द्या, काका."

"कशाला?"

"मला वाचता येतं."

"तिला दे," मागून तोसू म्हणाला. तो कुंपणाशी उभा होता. बोनिफासनं कागद दिला नाही, तेव्हा तोसूनं पुढे होऊन तो त्याच्या हातातून घेतला.

सेनामीनं चार ओळी वाचल्या, आधी फ्रेंचमध्ये, मग गावच्या भाषेत. पलंग त्यात कुठेच नव्हता. तो बोनिफासनं पदरचा घातला होता. मग तिनं सांगितलं, मी एक पत्र डाव्या हातानं लिहिलं होतं, आणि त्यात काय होतं. शब्द न् शब्द तिला पाठ होता.

"कुणाचं खरं मानायचं?" एक बाई हळूच म्हणाली. "आपल्याला वाचता येत नाही, दोन्ही सारखीच."

कोसिबा उठली. तिनं सेनामीचे दोन्ही हात हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले. वाकडी सांधलेली दोन बोटं. मनगटावरचे जुने वळ आणि त्यांवर कालचे. ती बोनिफासकडे वळली.

"हे कुठल्या पत्रात होतं, काका? मला वाच ना. हे तू मला कधी वाचून दाखवलंस?"

बोनिफासनं चष्मा काढला, पुसला. "मी तुझ्या भल्यासाठीच—"

"माझ्या पोरीला कुठं ठेवलंय?" कोसिबानं सेनामीला विचारलं.

"मला ठाऊक नाही, आई."

"त्या बाईला ठाऊक असेल." तिनं कमरेचं लुगडं घट्ट खोचलं. "तोसू, गाडी परत कधी जाते?"

"उद्या."

"आज जाईल."

तोसूनं एकवार आकाशाकडे, एकवार चाकांकडे पाहिलं आणि मान डोलावली. कोसिबा पुढे बसली. मग दुसरी एक बाई उठली, तिची मुलगी दोन वर्षांपासून कोटोनूत होती आणि तीही मजेत होती. मग तिसरी, चौथी. कुणी काही सामान घेतलं नाही. एकीनं फक्त पाठीवरचं तान्हं घट्ट बांधून घेतलं.

सेनामी चढणार, तेवढ्यात तिला अंगणाच्या कडेला अजुआ बाई दिसली. तिच्याजवळ सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. केस ताजे विंचरलेले, हातात गाठोडं. गुरुवारी जाणाऱ्या तिघींतली ही एक, तीन दिवस आधीच तयार. बोनिफास अजुआच्या कानाशी लागला होता. "सगळीच घरं सारखी नसतात, अजुआ. तुझ्या पोरीचं घर वेगळं आहे. देवभोळी माणसं आहेत."

"थांबा थोडं, दादा," सेनामी तोसूला म्हणाली आणि परत अंगणात गेली. तिनं मुलीच्या हातातलं गाठोडं घेतलं, खाली बसून गाठ सोडली. एक नेसायचं कापड. एक फणी. साबणाची अर्धी वडी. नव्या निळ्या चपला, अजून दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या.

"हे घरात ठेव, मावशी," तिनं कापड अजुआच्या हातात दिलं.

अजुआनं कापड घेतलं. फणी घेतली. साबण घेतला. चपलांसाठी मात्र तिचा हात पुढे आला नाही. ती एकदा सेनामीच्या बोटांकडे पाहत होती, एकदा बोनिफासकडे.

मोटारीचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला. सेनामी चपला पुढे धरून तिथंच उभी राहिली.